बोकडाचं तिकीट

नवऱ्याची किंमत घरात आपण कितीही कमी धरावी, बाहेरच्यानं धरली तर मात्र हिशेब मागावा, असा सिताबाईचा रोखठोक व्यवहार होता. रामहरी एसटीत कंडक्टर. भूम डेपोतून रिटायर होऊन ईट या आपल्या गावी घरी बसले, तसा तिकिटं फाडणारा हात कागदावर चालू लागला आणि लेकरांसाठी गमतीच्या गोष्टींचं एक पुस्तक निघालं, ‘बोकडाचं तिकीट’. सिताबाईनं ते मुखपृष्ठापुरतंच पाहिलं. “बोकडाला दाढी लई काढली,” एवढा तिचा अभिप्राय.

गावातल्या शाळेच्या शाहीन मॅडमनी तेच पुस्तक वर्गात वाचायला घेतलं आणि लेखकाला बोलावणं धाडलं. रामहरींनी सदऱ्याला दोनदा इस्त्री केली. निघताना म्हणाले, “मोठी माणसं तोंडदेखलं हसतात. लेकरं न्हाय हसली, तर आपल्याला जमत न्हाय म्हणायचं. पेन ठेवून देतो मग.”

“ठेवा की. सदऱ्याला शाईचे डाग तरी पडायचे न्हाईत,” सिताबाई म्हणाली, आणि पेटीतलं ठेवणीतलं लुगडं नेसून आधी दारात उभी राहिली.

मुख्याध्यापक गौरीशंकर सर शिस्तीचे. पाहुण्यांपुढं शाळेचं नाव जाऊ नये म्हणून वर्गात शिरताच त्यांनी हुकूम सोडला, “हाताची घडी, तोंडावर बोट.” सगळ्या वर्गानं बोट लावलं. सरांनी रामहरींच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते बाहेर गेले. बोटं तशीच राहिली.

रामहरी वाचू लागले. बाजारच्या दिवशीची खच्चून भरलेली गाडी. बोकड घेऊन चढलेली एक मावशी. बोकड खिडकीची जागा धरतो, कंडक्टर त्याचं तिकीट फाडतो, आणि बोकड ते तिकीट चावून खातो. इथं रामहरी थांबले. ही हसायची जागा होती.

वर्ग चिडीचूप.

ते पुढं गेले. दुसरी हसायची जागा आली, तीही तशीच गेली. आवाज उतरत उतरत थांब्यांची नावं पुकारल्यासारखा कोरडा झाला. वाचायच्या चष्म्यातून त्यांना पुस्तकापलीकडचं काही दिसत नव्हतं. त्यांनी पुस्तक मिटलं, खिशातल्या पेनाकडं हात गेला. “एवढंच हाय,” ते म्हणाले.

सिताबाईला मात्र सगळं दिसत होतं. पुढच्या पोरीचं पोट हलत होतं. एकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एकानं तर तोंडावरचं बोट दातात धरलं होतं. माल भरपूर होता, दाराला कुलूप होतं.

ती उठली. “मॅडम, लेकरं हसू गिळायलीत. आता खिचडीला जागा उरायची न्हाय.”

“बोट मोठ्या सरांनी लावलंय, मावशी.”

“सर तर बाहेर हाईत.”

शाहीन मॅडमनी दाराकडं पाहिलं, मग वर्गाकडं. “हात खाली,” त्या म्हणाल्या.

कुकरची शिट्टी उडावी तसा वर्ग उडाला. पुढच्या बाकावरची प्रतीक्षा नावाची पोरगी तर उभीच राहिली. “काका, तुम्ही मधेच सोडलं. दाढीचं भांडण राहिलं.”

“तोंडपाठ आहे त्यांना,” मॅडम म्हणाल्या. “धडा वाच म्हटलं की मान खाली घालणारी लेकरं ह्या गोष्टीच्या नाटकात बोकडाचं काम मिळावं म्हणून घरून वाचून येतात.”

तोवर बाकं ओळीनं लागून गाडी तयार झाली होती. कंडक्टर झालेला समर्थ बोकडाला म्हणाला, “दाढी आलीय, पूर्ण तिकीट लागंल.” मावशी झालेल्या प्रतीक्षानं कमरेवर हात ठेवले. “दाढीवर वय ठरतंय व्हय? मग तुमचा गाल गुळगुळीत हाय, तुम्हीच अर्धं तिकीट काढा की.”

सिताबाई बघतच राहिली. हे बोल तिचे होते. नव्या नवलाईच्या संसारात ती बोकड घेऊन नवऱ्याच्याच गाडीत चढली होती, आणि नवऱ्यानं बायकोच्या बोकडाचं तिकीट मागितलं होतं. तिनं रामहरींकडं पाहिलं. रामहरी छतावरचा पंखा बघत होते.

“मग पुढं?” तिनं प्रतीक्षाला विचारलं.

“पुढं मावशी हरती. बोकड घेऊन उतरती आन् चालत जाती.”

“कोण उतरलं? कुणी उतरलं न्हाय,” सिताबाई म्हणाली. “बोकड कंडक्टरच्या जागेवर बसला, आन् कंडक्टर भूमपर्यंत उभा. उतरताना बोकडानं त्याची टोपी नेली, ती निराळीच.”

आतापर्यंतचं सगळं हसू एकीकडं आणि हे एकीकडं. गौरीशंकर सर धावत आत आले. खरोखरच टोपी गेल्यासारखा झालेला समर्थचा चेहरा पाहून त्यांनी आपलंच बोट आपल्या तोंडावर ठेवलं. ते शिस्तीसाठी नव्हतं, हे सिताबाईनं ओळखलं.

“काका, खरंय का हे?” प्रतीक्षानं विचारलं.

रामहरींनी पेन काढलं, वर्गातल्या पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं आणि मावशीचं उतरणं खोडलं. “टोपीसकट खरं हाय,” ते म्हणाले. “मावशी हीच.” मग खांद्यावरची शाल काढून त्यांनी सर्वांदेखत सिताबाईच्या खांद्यावर घातली.

“उकडायलंय की,” ती म्हणाली.

पण शाल काढली नाही. शाळेमागून घरी जायला जवळची वाट होती. सिताबाई भर बाजारातून गेली, सावकाश, प्रत्येक दुकानापाशी थांबत. मागून नारळ घेऊन लेखक चालत होते.