बोटभर अंतर

पायाला भिंगरी लागलेली, म्हणून घरादारात तिचं नावच भिंगरी पडलं होतं. अशा पोरीला बापानं, अण्णांनी, कराटे शिकवलं, आणि तेही कसलं, तर मूठ समोरच्याच्या नाकापासून बोटभर अलीकडे थांबवायची. लागली तर चूक.

दर रविवारी कराटेच्या वर्गात अण्णा हात मागे बांधून उभे राहत. भिंगरी जीव खाऊन त्यांच्या नाकावर मूठ सोडायची आणि अण्णांची पापणीसुद्धा हलायची नाही. नवी पोरं आ वासून बघत. भिंगरीला जगात दुसऱ्या कशाचीही एवढी मिजास नव्हती.

पण मन सुखासुखी बसतंय कुठे? लाँड्रीत शर्टांवर इस्त्री फिरवताना तिच्या डोक्यात एकच किडा. ही मूठ खरोखर लागते तेव्हा कसं वाटतं? शेवटी ती चोरून पलीकडच्या गल्लीतल्या जिममध्ये जायला लागली. पिशवीवर ठोसा मारायला गेली तर मूठ आपोआप अलीकडेच थांबली. तिथला कोच हसला. "ताई, पिशवीला काय भिताय? आरपार मारा."

एके दिवशी लागली. असलं सुख तिनं कधी अनुभवलं नव्हतं. मग ठोशांबरोबर थोडी कुस्ती, थोड्या लाथा, सगळंच हवंसं वाटायला लागलं. घरी मात्र हे सांगायची सोय नव्हती. एक ना धड भाराभर चिंध्या, ही अण्णांची लाडकी म्हण.

"मनगट सुजलंय गं?" अण्णांनी जेवताना विचारलं.

"इस्त्री जड आहे, अण्णा."

"हं," म्हणून त्यांनी पाण्याचा पेला उचलला.

रविवारी अण्णा नेहमीसारखे उभे राहिले आणि भिंगरीनं मूठ वळली. थांबेल ना? हाताचा आता भरवसा नव्हता. नको म्हणावं तर बिंग फुटणार. जे होईल ते होवो, म्हणत तिनं मूठ सोडली.

थांबली. बरोबर बोटभर अलीकडे. तिचा जीव भांड्यात पडला, पोरांनी टाळ्या पिटल्या. हसत हसत तिनं वर पाहिलं.

अण्णांनी डोळे घट्ट मिटले होते.

"थांबली ना, अण्णा?" ती पुटपुटली.

त्यांनी डोळे उघडले. "थांबली गं. पण मला खात्री नव्हती. पुढच्या रविवारपासून हे नको दाखवायला."

ते पोरांकडे वळले. भिंगरी मात्र मूठ तशीच पुढे धरून उभी राहिली. ती खाली कशी घ्यावी, तेच तिला सुचेना.