‘मला गप्पा मारायला आवडतं’

परदेशातला तीन आठवड्यांचा उन्हाळी अभ्यासदौरा पंधरा दिवसांवर आला होता. शाळेच्या सभागृहात पालकांना सूचनांचे कागद वाटले गेले. कागदाच्या मागच्या बाजूला दौऱ्यावर जाणाऱ्या मुलांची यादी होती. आपल्या मुलीचं नाव आईला यादीत पटकन सापडलं नाही. ते सगळ्यात खाली होतं, पुढे शब्द होता ‘राखीव’.

आई रुग्णालयाच्या धुलाईघरात काम करते. पाळी बदलून सभेला आली होती. ती खुर्च्यांमधून वाट काढत थेट दौऱ्याची जबाबदारी असलेल्या बाईंच्या टेबलाशी गेली. मुलगी तिच्या मागोमाग.

“बाई, हे राखीव म्हणजे काय?”

“ताई, सभा संपल्यावर बोलू या का?”

“आत्ताच बोलू. स्वेटर किती आणायचे ते लिहिलंय. पोरगी येणार की नाही, ते कोण सांगणार?”

बाईंनी फाइल उघडली. परदेशात मुलगी जिथे राहणार होती, त्या घरच्या बाईंचं पत्र आलं होतं: आम्ही तीनदा व्हिडिओ कॉल केला, मुलगी नुसती बघत बसते. तिनं पाठवलेल्या ओळखीच्या पत्रात तर तिला गप्पा आवडतात असं आहे. तिची यायची इच्छा दिसत नाही, दुसरं मूल पाठवा.

“गप्पा?” आईचा आवाज चढला. “ही अडखळते. एकेका शब्दाला अर्धं मिनिट लागतं, अख्ख्या शाळेला ठाऊक आहे. ती असलं कशाला लिहील?”

तिनं लिहिलं नव्हतंच. तिचं मूळ पत्र त्याच फाइलीत होतं. ‘मी बोलताना अडखळते. माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबाल का?’ या ओळीवर लाल रेघ होती. वर बाईंच्या वळणदार अक्षरात ‘मला गप्पा मारायला आवडतं’.

“पहिल्याच पत्रात रडगाणं नको, म्हणून,” बाई म्हणाल्या. “सगळ्यांच्याच पत्रांत मी ते वाक्य घातलंय. छाप चांगली पडते. तिच्या भल्यासाठीच...”

“भल्यासाठी! तुम्हीच तिचं तोंड दाबलंत आणि वर म्हणता, गप्प बसते!”

मागून एक वडील ओरडले, “अहो, बॅगेचं वजन किती चालेल, तेवढं तरी सांगू द्या!”

“तुमची बॅग जाणार आहे हो. बसा खाली,” आईनं सुनावलं.

वडील बसले.

“फ... फ...” मुलगी म्हणाली.

“फोन लावा म्हणतेय,” आई म्हणाली.

बाईंनी मुकाट्यानं लॅपटॉपवरून कॉल लावला. त्या घरच्या बाई पडद्यावर आल्या. मुलीनं त्यांच्या भाषेत सुरुवात केली आणि पहिल्याच शब्दाला अडली. आई पुढे झुकली. “बाई, तुम्ही सांगा त्यांना, पत्र बदललं होतं म्हणावं...”

मुलीनं टेबलावर हात आपटला.

“तू ग-ग-गप्प बस! तूही त-त्यांच्यासारखीच!”

आई मागे सरकली. मुलीनं खोडलेली ओळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. तिला दीड मिनिट लागलं. मध्ये दोनदा पडद्यावरच्या बाईंचा हात कॉल बंद करायला पुढे आला. दोन्ही वेळा मुलीनं मान हलवून त्यांना थांबवलं.

“मला वाटलं, तुमचं नेट अडकतंय,” त्या शेवटी म्हणाल्या.

“न-नेट नाही. मी. य-येऊ का? आत्ता सांगा.”

“ये,” त्या म्हणाल्या. “चूक झाली माझी.”

दौऱ्याच्या बाई हसल्या. “बघ, किती छान बोललीस!” मुलीनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

बस थांब्यावर आईचा राग अजून उतरला नव्हता. “उद्याच्या उद्या मुख्याध्यापकांकडे तक्रार करते. सोडत नाही मी.”

“क... क...”

‘कर’ हा शब्द आईच्या अगदी ओठांवर आला होता. तिनं तो गिळला. बस आली, थांबली, निघून गेली.

“क-करू नकोस,” मुलगी म्हणाली. “म-मीच करणार आहे.”