जोडातल्या रिंगा

केळापूरच्या बाजूला एका गावात विहाराच्या आवारात अभ्यासिका उभी आहे. तिच्या बीमचे सळयांचे पिंजरे गावानं हातांनी उचलून बसवले. त्या दिवशी माणसं अशी लोटली की हायवेवरून हैदराबादकडे निघालेला एक क्रेनवाला वाट वाकडी करून आला, पाच मिनिटं पाहत राहिला आणि मान खाली घालून परत गेला. मान म्हणजे क्रेनची. क्रेनवाल्याची तर वरच होती, तो व्हिडिओ काढत होता.

या इमारतीचं डिझाइन दीपानं केलं होतं. पांढरकवड्यात औषधाच्या दुकानावरच्या खोलीत तिचं ऑफिस. बौद्ध वस्तीतली पहिली स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून तिचा फोटो चौकातल्या फ्लेक्सवर तिच्या खऱ्या उंचीच्या तिप्पट लागला होता. सळईचं काम तिच्या सख्ख्या मामाकडे, उकंडामामाकडे. मामा पक्का फिटर. तिचं ड्रॉइंग पाहून तो म्हणाला होता, "दीपे, जोडात इतक्या रिंगा? कॉलमचं लगन लावून राह्यली का तू? बांगड्या भरल्यासारख्या भरून राह्यली!"

"मामा, सगळा खेळ त्या जोडातच असतो."

तिनं त्याला समजावलंही होतं. बीम आणि कॉलम भेटतात त्या ठोकळ्यात वरच्या सळया एकीकडे ओढतात, खालच्या दुसरीकडे ढकलतात. जुन्या खाटेला एका कोपऱ्यातून रेटलं की तिची चौकट कशी तिरपी होते, तसा तो ठोकळा तिरपा व्हायला पाहतो आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चिरतो. रिंगा त्याला चारही बाजूंनी आवळून धरतात. पण त्या आधी घालाव्या लागतात. बीमच्या सळया एकदा आडव्या येऊन बसल्या की बंद रिंग वरून खाली जात नाही.

आणि झालं नेमकं तेच. श्रमदानाचा दिवस. विहार कमिटीचा रवी माइकवर, पोट्टे ढोल बडवत होते, बायांनी पदर खोचलेले. पिंजरे आधी वर टेकवून ठेवायचे, जोडात रिंगा अडकवायच्या, मग सावकाश खाली सोडायचे, असं ठरलेलं. पण उत्साहाला कुणी सावकाश म्हणावं? जयभीमचा असा गजर झाला की झाडावरची माकडंही क्षणभर सरळ उभी राहिली, आणि एका दमात सगळे पिंजरे आपापल्या जागी जाऊन बसले.

दीपा पोचली तेव्हा चार कोपऱ्यांच्या जोडांत एकही रिंग नव्हती. रिंगांचा ढीग सेंट्रिंगच्या पाट्यांवर तसाच पडला होता. मिक्सर घरघरत होता. पंचफुलाबाई, महिला मंडळाची अध्यक्ष, वांग्याच्या भाजीच्या गंजात डाव फिरवत ओरडत होती, "स्लॅब पडला की जेवाले बसा रे!" पिंजरे पुन्हा वर घ्यायचे तर अर्धा दिवस गेला असता, आणि मामाची सगळ्या गावासमोर शोभा झाली असती. मामा घामानं निथळत होता, लहान पोरासारखा हसत होता. त्यानं एकदा त्या ढिगाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"कसं झालं, दीपे?"

तिनं जोडाकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं.

"छान झालं, मामा."

एवढंच बोलली. वरून काँक्रीट पडलं.

त्या दिवसापासून तिला त्या जोडासारखं चौकोनी काही सोसेना. डबा चौकोनी म्हणून गोल घेतला. पुढं पुढं म्हणे ती दाराच्या चौकटीतून जाताना डोळे मिटायची आणि कपाळावर टेंगूळ घेऊन ऑफिसात बसायची. गणित तिनं इतक्या वेळा करून पाहिलं की कॅल्क्युलेटरवरचे आकडे झिजून गेले. उत्तर एकच यायचं. आहे तशी एकमजली इमारत उभी राहते, जेमतेम. गावात आली की ती आधी कोपऱ्यातल्या कॉलमजवळ जायची, हात लावायची, गिलाव्यात बारीक चीर दिसते का बघायची. लोक कौतुक करायचे, "पाहा, पोरीचा कामावर जीव किती!" ते ऐकलं की तिला कॉलममध्येच शिरून बसावंसं वाटायचं.

दीड वर्षानं रवीचा फोन आला. "ताई, वर मजला घ्यायचं ठरलं. मुलींसाठी वेगळी अभ्यासिका. त्याच्यावर मोठं टाकं. रविवारी मीटिंग हाय, तुमचा सत्कारबी ठेवला."

रविवारी ती गेली. त्याच हॉलमध्ये, त्याच स्लॅबखाली, सतरंजीवर अख्खा गाव. खिडकीपाशी पोरी पुस्तकं मिटून बसलेल्या. मामा पहिल्या रांगेत, शेजारच्याला ऐकू जाईल असं हळू बोलत होता, "माही भाची हाय." पंचफुलाबाई हार घेऊन उठली तशी दीपा मागे सरकली.

"मावशी, थांबा. वर मजला घेता येणार नाही."

"कायले? ग्रामपंचायतवाल्यानं अडवलं का?"

"कोणी नाही अडवलं. चारही कोपऱ्यांच्या जोडांत रिंगा नाहीत. त्या दिवशी राहून गेल्या. मी पाहिलं होतं."

रवी म्हणाला, "पाह्यलं होतं, म्हणजे? काँक्रीटच्या आधी?"

"आधी."

"अन् आमचे पोट्टेपोट्ट्या इथं रोज बसून राह्यले?" पंचफुलाबाईच्या हातातला हार खाली आला. "माह्या नातीले मी स्वतः आणून सोडत होतो वं!"

"आत्ता इमारत पडणार नाही, मावशी. पण वरचं ओझं तिला झेपणार नाही. आणि मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं."

"मग काहून नाही बोलली?"

"सगळे हसत होते," दीपा म्हणाली. बोलल्यावर तिलाच ते कारण इतकं लहान वाटलं की सतरंजीखाली सरकवावं.

तिला वाटलं होतं, आता मामा चिडेल. गावासमोर नाक कापलं म्हणेल. मामा चिडला नाही. तो सावकाश उठला, आणि त्याचा चेहरा ओल्या सिमेंटसारखा झाला होता.

"म्हणजे त्या रिंगा लागतच होत्या?"

"मामा, मी सांगितलं होतं ना तुम्हाला..."

"सांगतलं होतं. पण मग तुह्या डोळ्यासमोर राह्यल्या, मी तुह्याकडं पाह्यलं, तू म्हणली छान. मले वाटलं, पोरीनं हिशोब करून पाह्यला असंल, त्याच्याबिगर चालत असंल. इतकी शिकली, खोटं कायले बोलंल?" तो थांबला. "तवापासून मी जोडात रिंगा टाकतच नाही. तीन घरं झाले. दोन केळापुरात, एक झरीकडं. मिस्त्री लोकायले सांगतो, आमच्या दीपानं पास केलं हाय."

दीपा खाली बसली. दीड वर्ष ती एका इमारतीचं पाप डोक्यावर घेऊन फिरत होती, आणि ते तिकडे पिलं घालत होतं.

अभ्यासिका दुसऱ्याच दिवशी रिकामी झाली. पोरी पंचफुलाबाईच्या टिनाच्या शेडमध्ये बसू लागल्या. कोपऱ्यांत लोखंडी टेकू लागले, चारही जोडांवरचं काँक्रीट फोडून रिंगांचे दोन अर्धे तुकडे बाहेरून घालून वेल्डिंग करायचं ठरलं. काम मामाच करणार होता. रवीनं दुसरा फिटर सुचवला, तेव्हा दीपाच म्हणाली, नको. मामा येत होता, ती सांगेल ते करत होता, एक शब्द जास्त बोलत नव्हता. हाक मारायची वेळ आली की म्हणायचा, "मॅडम, इथं कितीवर फोडू?"

एरवी दीपे म्हणायचा तो. ती लहान होती, तो तिचा शेंबूड पुसायचा, तेव्हापासून. तिनं एकदा म्हणून पाहिलं, "मामा, मॅडम नका म्हणू ना."

"नाव घेतलं की मले आपलं माणूस वाटते," मामा म्हणाला. "मग मी इचारत नाही. पाह्यलं ना काय झालं."

ती तीन घरं उरली होती. मामानं मोटरसायकल काढली, ती मागे बसली. झरीचं घर सगळ्यात लांब, म्हणून आधी तेच. रस्ता असा की खड्ड्यांमध्ये मधून मधून थोडा रस्ता लागत होता. एरवी मामानं त्यावर गोष्ट रचली असती, एका खड्ड्यात गेलेली एसटी दुसऱ्या खड्ड्यातून कशी बाहेर आली त्याची. आज तो नुसते खड्डे चुकवत होता, आणि तिला त्याच्या खांद्याला धरायचा धीर होत नव्हता. तिनं गाडीची मागची दांडी धरली.

घर नवं कोरं, हिरव्या रंगाचं. गच्चीवर काळं टाकं, त्याच्यावर मालकाच्या लेकाच्या नावाची पाटी. घरमालक विठ्ठलराव कापसाच्या गंजीजवळून धावत आले.

"या जी, या! मामानं सांगतलं होतं, तुमच्या पद्धतीनं बांधलं म्हणून. तानाबाई, चहा टाक, मॅडम आल्या! आधी घर पाहा. हा हॉल पाहा, हा पोर्च पाहा. वर अजून एक मजला घेतो पुढच्या साली, धाकट्या सोनूच्या लग्नाआधी."

मामा फाटकाशीच उभा राहिला. "मॅडम," तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी सांगू का? हात माहे होते."

"नाही, मामा."

त्यांची बायको तानाबाई ट्रेमध्ये पाणी घेऊन आली. दीपानं ग्लास घेतला नाही. घेतला असता तर बसावं लागलं असतं, बसलं की चहा आला असता, आणि चहा घेतल्यावर माणूस कशालाही छान म्हणतो.

"काका, आधी गच्चीवरचं टाकं रिकामं करा."

"काहून? फुटलं का?"

"टाकं नाही फुटलं. तुमच्या कॉलम-बीमच्या जोडात रिंगा नाहीत. मामांनी घातल्या नाहीत, कारण एकदा माझ्यासमोर राहिल्या तेव्हा मी छान झालं म्हणाले होते. चूक माझी आहे. दुरुस्ती होते, मी करून देईन. पण वर मजला नका घेऊ, आणि तोवर ते टाकं भरू नका."

विठ्ठलरावांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. उतरायला पायऱ्या नव्हत्या त्याला, तिथंच अडकून राहिलं. तानाबाईनं ट्रे ओट्यावर ठेवला आणि पोर्चच्या कोपऱ्याखाली खेळणाऱ्या नातवाला हाताला धरून अंगणात ओढलं. दीपाकडे तिनं पाहिलंही नाही.

विठ्ठलराव जिन्यानं वर गेले. थोड्या वेळानं गच्चीच्या पन्हाळीतून पाणी पडू लागलं. टाकं मोठं होतं. पाणी बराच वेळ पडत राहिलं, आणि अंगणात सगळे उभ्या उभ्या ते ऐकत राहिले.

"चला, मॅडम," शेवटी मामा म्हणाला. "दोन घरं हायेत अजून."