पगारी वकील

“तिला मराठीत समजावून सांग आणि सही घे. पाच मिनिटांचं काम आहे,” एचआरच्या गंधारनं पूर्वाला सांगितलं.

खराडीतल्या त्या कंपनीत पूर्वा कायदा विभागात होती. समोर खुर्चीच्या कडेवर अवघडून बसली होती शालन. कँटीनमध्ये पोळ्या लाटणारी, सातवा महिना लागलेली. पलीकडे परदेशातल्या मुख्यालयातून आलेले गोरे वकीलसाहेब. काल विमानातून उतरले, उद्या परत चढणार. कागद त्यांनीच लिहिला होता: बाळंतपणासाठी आठ आठवड्यांचा पगार, मग राजीनामा, आणि तक्रार असलीच तर ती त्यांच्या देशात, त्यांच्या कायद्यानं. पोळ्या लाटणाऱ्या बाईनं तक्रार करायला साता समुद्रापार जायचं! पूर्वाच्या डोक्यात तिडीक गेली.

“ताई, तुमी वकील हाय ना?” शालन म्हणाली. “मग तुमीच सांगा, करू का सही?”

पूर्वाची आई महापालिकेच्या शाळेत झाडूकाम करायची. पूर्वा झाली तेव्हा ती पगारी रजेवर होती. ती रजा कुणी मेहेरबानी म्हणून दिलेली नव्हती. इथल्या लोकांनी भांडून तो कायदा करून घेतला होता. आणि आता कुणीही सोम्यागोम्या येऊन तो खोडणार?

“करू नका,” पूर्वा म्हणाली. “पहिलं बाळ आहे तुमचं. सव्वीस आठवडे पगारी रजा हा तुमचा हक्क आहे, आणि त्या रजेत कुणी कामावरून काढू शकत नाही. इथे आपला कायदा चालतो, यांचा नाही.”

गोरे साहेब समाधानानं मान डोलावत होते. त्यांना वाटलं, समजावणं झकास चाललंय. शेजारी बसलेल्या गंधारला मात्र मराठी चांगलीच येत होती.

“पूर्वा, तू पगार कुणाचा घेतेस?”

“कंपनीचा. कायदा कंपनीचा नाही.”

“अस्सं? मग साहेबांनाही सांग की, काय दिवे लावलेस ते.”

तिनं सांगितलं, इंग्रजीत, शब्दन् शब्द. त्याच दिवशी तिचं ओळखपत्र काढून घेतलं.

गेटबाहेर शालन थांबली होती. “माज्यापायी नोकरी गेली व्हय तुमची?”

“तुमच्यापायी नाही. रजा नाकारतात म्हणून तुम्ही आता तक्रार करायची.”

“करतेच. पर कोर्टात तुमीच उभ्या ऱ्हावा. दुसऱ्या कुनावर माजा इस्वास न्हाय.”

पगारी नोकरी धरणाऱ्या वकिलाला आपली वकिलीची सनद स्थगित ठेवावी लागते; ती पुन्हा सुरू होईपर्यंत पूर्वाला कुठल्याच कोर्टात उभं राहता येणार नव्हतं. नियम तिला पटत होता. पण तो उपरा इथे येऊन थंडगार खोलीत बसून सल्ला देऊन जातो, आणि मी माझ्याच गावात मुकी? कुणाच्या तरी कानाखाली आवाज काढावा असं तिला वाटलं.

“चांगला वकील मिळवून देते,” ती कशीबशी म्हणाली. “मी येईन सोबत.”

तारखेच्या दिवशी ती आली. शालनच्या वकिलांशेजारी टेबलापाशी बसणार, तेवढ्यात शिपाई आडवा आला.

“आपण वकील का?”

“नाही.”

“मग मागे बसायचं. ही जागा वकिलांची आहे.”

पूर्वा मागच्या बाकावर जाऊन बसली. शालनच्या सासूनं थोडं सरकून तिला जागा करून दिली.