नदीपलीकडचं घर

स्टीलच्या डब्याच्या झाकणावर ठेवलेला फोन घुर्र करून थरथरला आणि दुपारची सगळी शांतता दचकून जागी झाली. मांडीवरची चिमणी मात्र झोपलेलीच राहिली, नशीब! आईनं एका हातानं तिला थोपटत दुसऱ्या हातानं फोन उचलला. 'नवीन अपडेट तयार आहे. पुढे जाण्यासाठी मान्य करा.' खाली बारीक अक्षरांची पानंच्या पानं. मांडीवर मूल असताना ती कोण वाचणार? तिनं अंगठ्यानं सगळं सरसर वर सरकवलं आणि तो 'मान्य'वर टेकवला.

फोन काही साधासुधा नव्हता. चिमणीची आई लोकांच्या स्वयंपाकघरांचे आराखडे काढायची. ओटा किती उंच हवा, ठेंगण्या बाईचा हात वरच्या फळीला पोचेल का, गॅसपासून बेसिन किती पावलांवर, हे सगळं ती घरबसल्या आखून द्यायची. चिमणी शाळेत जायला लागल्यावर तिनं हे काम पुन्हा हाती घेतलं, तेव्हा नवऱ्यानं कौतुकानं बाजारातला सगळ्यात भारी फोन घेऊन दिला. सिमकंपनीची कुटुंब योजना होती. एकानं असा फोन घेतला की घरातल्या दुसऱ्या कुणाला तसाच फोन निम्म्यात. तो दुसरा फोन परगावच्या सासूबाईंकडे गेला. नवऱ्याचा आपला जुनाच, कोपरा फुटलेला.

अपडेट होऊन आठवडा झाला असेल. सासूबाईंचा फोन आला आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या सहज म्हणाल्या, "आणि मुलाखत कशी झाली गं तुझी?"

आईचा हात सफरचंद सोलता सोलता थांबला.

एका मोठ्या कंपनीत तिनं नोकरीसाठी मुलाखत दिली होती. जमलं तर सांगू, नाहीतर उगाच चर्चा नको, म्हणून ती कुणाला बोलली नव्हती. नवऱ्याला ठाऊक होतं, आणि मावशींना. मावशी म्हणजे चिमणीला सांभाळणाऱ्या. त्यांना त्या दिवशी उशिरापर्यंत थांबायला सांगावं लागलं होतं.

"बरी झाली," एवढंच ती म्हणाली. 'तुम्हाला कुणी सांगितलं?' हा साधा प्रश्न तिनं विचारला नाही. संशयाचं गणितच उफराटं असतं. विचारलं तर समोरचा सावध होईल, म्हणून माणूस गप्प राहतो आणि एकटाच आत शिजत बसतो.

नवरा घरी आल्या आल्या तिनं त्याला धरलं. "आईंना तू सांगितलंस?"

"मी? अगं, मी आईला फोनच करत नाही म्हणून ती माझ्यावर रुसलीय. तू उलट तिचा रुसवा काढून दे."

म्हणजे उरल्या मावशी.

त्या दिवसापासून आईच्या कानांना जणू नवी धार आली. मावशी फोन आला की खिडकीशी जाऊन हळू बोलतात. का? चिमणीला घेऊन बागेत जातात, तिथे कुणाशी बोलत असतील? मागे सासूबाई राहायला आल्या होत्या तेव्हा दोघींचं गूळपीठ जमलं होतं, ते उगाच का? चिमणी झोपलेली असे म्हणून मावशी हळू बोलत, हे तिला तेव्हा सुचलंच नाही. एकदा मनात पाल चुकचुकली की माणसाला सगळीकडे पालीच दिसतात!

मग तिनं सापळा लावला.

मावशी चिमणीची वेणी घालत होत्या. आई अगदी सहज बोलल्यासारखं म्हणाली, "मावशी, आम्ही घर बदलायचं म्हणतोय. नदीपलीकडे एक जागा आहे. शनिवारी बघायला जाऊ."

"अगं बाई! इतक्या लांब?" मावशींचा हात वेणीतच राहिला. "मग चिमणी..."

"बघू पुढचं पुढे. कुणाला बोलू नका हं."

हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. घर नव्हतं, जागा नव्हती, नदीपलीकडे त्यांचं कुत्रंसुद्धा ओळखीचं नव्हतं. पण थाप खरी वाटावी म्हणून तिनं मावशींच्या देखतच फोन काढला आणि कॅलेंडरमध्ये नोंद केली : शनिवारी, नदीपलीकडचं घर.

दोन दिवसांतच सासूबाईंचा फोन आला. "काय गं, नदीपलीकडे ओल असते म्हणतात. चिमणीला लगेच सर्दी होते, माहितीय ना तुला?"

सापडली! घरचा भेदी सापडला!

संध्याकाळी मावशी निघायला लागल्या तेव्हा आई दारात उभी राहिली. चिमणी मावशींच्या पदराला धरून होती.

"मावशी, आमच्या घरातल्या गोष्टी तुम्ही सासूबाईंना सांगता?"

"मी? नाही हो बाई."

"मग कुणी सांगितल्या? भिंतींनी?"

"मला काय माहीत? मी नाही सांगितल्या."

"फोन दाखवा तुमचा."

मावशींनी पिशवीतून आपला बटणांचा फोन काढून तिच्या तळहातावर ठेवला. आईनं सगळे नंबर पाहिले. सासूबाईंचा कुठेच नव्हता. नसेना! पुसून टाकला असेल. संशयाला पुरावा मिळाला तरी तो वाढतो आणि नाही मिळाला तरी वाढतोच.

"उद्यापासून येऊ नका," ती म्हणाली.

मावशींनी फोन परत घेतला. चिमणीची बोटं पदरातून एकेक करून सोडवली आणि त्या जिना उतरून गेल्या. मागे वळून बघितलं नाही. चिमणी इतकी रडली, इतकी रडली की तिला उचकी लागली. "मावशी वाईट वागल्या ना," असं आईनं तिला समजावलं. चिमणीनं मान हलवली नाही.

आता पोरीला कोण सांभाळणार? नवऱ्यानं आपल्या आईला बोलावून घेतलं. सासूबाई आल्या, पायसुद्धा धुतले नाहीत, आधी म्हणाल्या, "मावशी कुठेत? त्यांच्यासाठी लोकरीचे मोजे आणलेत मी."

"काढलं त्यांना. आपल्या घरातलं बाहेर सांगत होत्या." मग आईनं धीर करून विचारलं, "तुम्हालाच सांगत होत्या ना?"

"मला?" सासूबाईंनी चष्मा वर केला. "मला कशाला सांगतील त्या? मला तर तूच कळवतेस!"

"मी?"

"तूच की. रोज. हे बघ."

सासूबाईंनी आपला फोन पुढे केला. त्यावर 'घरोबा' नावाचं एक चौकोनी चित्र होतं. आत मुलाखतीची तारीख होती, दाताच्या डॉक्टरची वेळ होती, चिमणीचे उघडेवाघडे आंघोळीचे फोटो होते, आणि सगळ्यात वर होतं : शनिवारी, नदीपलीकडचं घर.

आईनं स्वतःचा फोन उघडला. तिथेही तेच चौकोनी चित्र एका कोपऱ्यात निमूटपणे बसलेलं! इतके दिवस तिनं बागेतल्या बाकापासून जिन्याच्या पायरीपर्यंत सगळ्यांवर नजर ठेवली होती. मुठीतल्या फोनकडे मात्र एकदाही संशयानं बघितलं नव्हतं.

"मला वाटायचं," सासूबाई हळूच म्हणाल्या, "सून तोंडानं फार बोलत नाही, पण आठवणीनं सगळं पाठवते. रोज सकाळी चहाबरोबर बघायचे मी. फार बरं वाटायचं गं."

आईनं तडक सिमकंपनीला फोन लावला. पुष्कळ वेळ गाणं वाजलं. मग एक गोड आवाज म्हणाला, "अपडेट फोन बनवणारे पाठवतात मॅडम, त्यांना विचारा." फोन बनवणारे म्हणाले, "तुमचा फोन सिमकंपनीच्या योजनेतला. त्यांचं अपडेट वेगळं येतं, त्यात त्यांची ॲप घातलेली असतात. त्यांना विचारा." शेवटी ती दुकानात जाऊन थडकली. गळ्यात पट्टा घातलेल्या मुलानं फोन हातात घेतला आणि शांतपणे सांगितलं, "ही सोय अपडेटबरोबर आपोआप चालू झालीय. एका योजनेतल्या, हे ॲप असलेल्या सगळ्या फोनवर एकमेकांचं कॅलेंडर, फोटो दिसतात. तुम्ही मान्य केलंत ना?"

"ती पानं कुणी वाचतं का?"

"कुणीच नाही मॅडम," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "मी पण नाही."

त्यानं सोय बंद करून दिली. वर सल्लाही दिला, की पुढच्या अपडेटनंतर पुन्हा बघा, आपोआप चालू होऊ शकतं.

घरी येऊन ती सगळा राग काढायला बसली. "लुच्चे आहेत नुसते! तक्रार करणार मी. सोडणार नाही."

"कर. केलीच पाहिजे," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा सगळा जन्म इस्पितळात परिचारिका म्हणून गेला होता आणि आवाजात अजून वॉर्डातली शिस्त होती. "पण एक विचारू? आमच्या वॉर्डात काही हरवलं की आधी आयाबाईच्या पिशवीची झडती व्हायची. एकदा मोठ्या डॉक्टरांचं घड्याळ गेलं. आयाबाईची पिशवी उलटी केली, तिला सगळ्यांदेखत उभं केलं. घड्याळ त्यांच्याच कोटाच्या अस्तरात होतं. इतक्या वर्षांत डॉक्टरांच्या कोटाची झडती झालेली मी कधी पाहिली नाही."

"पण मला काय माहीत, फोन असं करेल?"

"नव्हतंच माहीत. मग मावशी असं करतील, हे कुठे माहीत होतं? दोन्ही तुझ्या घरातच होते. एकावर तू डोळे मिटून विश्वास टाकलास, कारण तो महागाचा. दुसरीची झडती घेतलीस, कारण तिला 'घेऊ नका' म्हणता येत नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, बाळा!"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं चपला पायात सरकवल्या. "चिमणे, चल. मावशींकडे जायचंय."

मावशींची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. दार उघडून त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. चिमणी त्यांच्या कमरेला जाऊन बिलगली, तेव्हा त्यांचा हात आपोआप तिच्या केसांवर गेला. चेहरा मात्र तसाच राहिला.

"मावशी, चुकले मी," आई म्हणाली. "गोष्टी माझ्या फोनमधूनच जात होत्या. आणि नदीपलीकडे घरबिर काही नव्हतं. तुमची परीक्षा घ्यायला मीच खोटं बोलले होते."

"परीक्षा," मावशी म्हणाल्या. "त्या रात्री मला झोप नाही लागली, बाई. पोरगी लांब जाणार म्हणून."

आईनं हात जोडले.

"रागावले नाही असं मी म्हणणार नाही. रागावलेय. चार दिवस जाऊ देत, मग येईन. चिमणीसाठी येईन. पण काही वाटलं तर आधी मला विचारायचं. आणि मी नाही म्हटलं, तर ते ऐकायचं."

"ऐकेन."

तर मंडळी, आपल्या हातातल्या या झगमगत्या पाट्यांची आपण किती काळजी घेतो! त्यांना काच लावतो, कव्हर घालतो, त्या जे मागतील ते मान्य करतो. आणि आपलं मूल ज्यांच्या ओंजळीत सोपवतो, त्यांच्या साध्या 'नाही'ला आपण मान्य म्हणत नाही. अपडेट आलं की ते वाचा, निदान नंतर तरी काय बदललंय ते बघा, कंपन्यांना जाब विचारा. पण त्याहून आधी, संशय आला की ज्याचा आला त्याला सरळ विचारा, सापळे लावू नका. आणि बोट दाखवण्यापूर्वी पाहा, ते नेहमी खालीच का वळतं!

जिना उतरताना आईला हलकं वाटत होतं. चिमणी तिचं बोट धरून एकेक पायरी उतरत होती. खालच्या वळणावर ती थांबली. कपाळाला आठी घालून, काहीतरी नीट जुळवत असल्यासारखी.

"आई, नदीपलीकडचं घर तू खोटं सांगितलंस ना?"

"हो गं बाळा."

"आणि मावशी खरं बोलल्या?"

"हो."

"मग तुझ्याऐवजी मावशींना का घरी पाठवलं?"