सकाळचं ऊन कुठून येतं?

वडील गेल्यानंतरच्या चार महिन्यांत नम्रताने इतक्या ठिकाणी सह्या केल्या होत्या, की तिला स्वतःचं नावही परकं वाटू लागलं होतं. घर आवरून झालं. चष्मे, शर्ट, उरलेली औषधं, सगळं कुठे ना कुठे गेलं. राहिली ती पुस्तकं.

तिच्या वडिलांनी, गोपाळकृष्णांनी, अडतीस वर्षं एका वास्तुविशारदाच्या ऑफिसात नकाशे काढले. एकाही इमारतीवर त्यांचं नाव नाही. पण इमारती आणि त्या उभारणाऱ्या माणसांविषयी मुलांसाठी लिहिलेली पुस्तकं ते आयुष्यभर जमवत राहिले. घुमट पडत का नाही, जिना कुठे वळवावा, असली. नम्रताने ती सदाशिव पेठेतल्या एका शाळेला दिली. अट घातली : काचेचं कपाट, वर वडिलांचं नाव, आणि कुलूप. पुस्तक मुलांच्या हातात द्यायचं नाही. मुलं फाडतात.

शनिवारी कपाटाचं उद्घाटन होतं. गुरुवारी दुपारी ती बिबवेवाडीहून स्कूटरवर, दमून, शाळेत पोचली. तिने स्वतः घातलेली प्लास्टिकची कव्हरं काचेआड चमकत होती. तिने पुस्तकं मोजली. एक कमी!

"कौशल्याबाई, खिडक्यांचं पुस्तक कुठंय?"

ग्रंथपाल कौशल्याबाई निवृत्तीला आल्या होत्या. त्यांनी रजिस्टरमधून मान वर केली नाही. "वाचायला दिलंय."

"वाचायला?"

"पुस्तक आहे ना ते? मग दुसरं काय करतात त्याचं?"

"आपलं ठरलं होतं!"

"ठरलं होतं. मी मोडलं." त्यांनी चष्मा काढला. "अहो, काच आहे, कुलूप आहे, वर नाव आहे. परवा हारही येईल. उदबत्तीचं घर तेवढं आणा, म्हणजे समाधी पूर्ण होईल."

नम्रता खुर्चीत बसली. भांडायचंही त्राण नव्हतं. "त्यांचं एवढंच उरलंय हो माझ्याकडे."

कौशल्याबाईंचा आवाज खाली आला. "माहितीये मला. पण ते जमवत कुणासाठी होते? कपाटासाठी?"

तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि सहावीतली अवनी पुस्तक परत करायला आली. नम्रताने ते जवळजवळ हिसकावूनच घेतलं, चाळलं. एका पानावर ताज्या पेन्सिलीचं लिखाण!

"पुस्तकात लिहितात का गं?"

"त्यांनी विचारलंय ना," अवनी म्हणाली. "मग उत्तर नको का द्यायला?"

नम्रताने पान नीट पाहिलं. समासात वडिलांचं अक्षर, नकाशावर असायचं तसंच सरळ : 'तुझ्या घरात सकाळचं ऊन कुठून येतं?' त्याखाली वेडीवाकडी अक्षरं : 'ओट्यावरच्या खिडकीतून. आईच्या डब्यांवर पडतं.' आणि त्याखाली आजचं उत्तर : 'येत नाही. समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत आहे.'

मधलं अक्षर तिचंच होतं. सात वर्षांच्या नम्रताचं.

एकसष्ट पुस्तकांना तिने कव्हरं घातली होती. एकही चाळून पाहिलं नव्हतं!

तिने पान पुन्हा एकदा वाचलं. मग विचारलं, "असे प्रश्न आणखी कशात आहेत?"

"काय माहीत," कौशल्याबाई म्हणाल्या. "मी नियम एकदाच मोडला."

नम्रताला हसू आलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच. हसता हसता डोळे पुसून तिने कपाटाचं कुलूप काढलं आणि पर्समध्ये टाकलं. "परवा हार नको," ती म्हणाली. "पेन्सिली ठेवा इथे. टोक केलेल्या."

मग टेबलावरची पेन्सिल घेऊन तिने अवनीच्या उत्तराखाली लिहिलं : 'ती भिंत तू कुठे बांधली असतीस?'

अवनीने वाचलं. "आधी मोजावं लागेल," ती म्हणाली, आणि पुस्तक काखेत मारून पुन्हा घेऊन गेली. नम्रताने अडवलं नाही.

आपल्या घरांत, शाळांत, सोसायट्यांच्या वाचनालयांत अशी किती कपाटं असतील! माणूस गेला की आपण त्याच्या वस्तू जपतो आणि त्याचं काम बंद पाडतो. मुलांच्या हाती पडून पुस्तक मळलं, तर ते वाया गेलं असं समजू नये. कोरं राहिलं, तर समजावं.