गिळायचं नाही

भुरकेबुवांचं पोट जिभेवर चालायचं. कॉफीच्या कारखान्यात ते चव पारखायचे. टेबलावर वाट्या मांडलेल्या असत. चमचाभर कॉफी खोली दणाणेल असा भुरका मारून तोंडात घ्यायची, घोळवायची, पिकदाणीत थुंकायची आणि शेरा द्यायचा. या भुरक्यांवरूनच त्यांना हे नाव पडलं होतं. कामाचा नियम एकच, गिळायचं नाही. बुवा वाईट कॉफी इमानेइतबारे थुंकत आणि चांगली गिळून टाकत. चांगली कॉफी थुंकणं त्यांच्या जिवावर यायचं, आणि दुर्दैवाने कारखाना चांगला होता.

व्हायचं तेच झालं. छातीत धडधड, हाताला कंप, रात्री डोळ्याला डोळा लागेना. डॉक्टरांनी कॉफी तोडायला सांगितली. बुवांनी घरचे कप त्याच दिवशी बंद केले आणि ते भेटेल त्याला छाती फुगवून सांगितलं. कारखान्यातल्या घोटांबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही.

पण लेक त्यांचीच होती. "बाबा, तुमच्या हातात बशी वाजतेय," ती एका सकाळी म्हणाली. "तुम्ही गिळताय."

"एखादाच घोट गं."

"मला माझ्या लग्नात धडधाकट बाप हवाय. फक्कड कॉफी तोंडात आली आणि तुम्ही ती थुंकलात, की मी मानेन तुम्हाला."

हे बुवांना लागलं. घोट तोंडात आला की ते लेकीचा चेहरा आठवत आणि मान पिकदाणीकडे वळवत. सुरुवातीला डोकं असं ठणकलं की त्यांनी कोटाच्या खुंटीला साहेब समजून सुट्टी मागितली. मग हळूहळू धडधड थांबली, झोप लागायला लागली आणि मान आपोआप वळायला लागली. ती इतकी वळायला लागली की घरी खोकल्याचं औषधही ते बेसिनमध्ये थुंकत आणि "कडसर" असा शेरा देत.

अशात लेकीच्या लग्नाचं बोलणं निघालं. मुलगा-मुलगी कधीच राजी होती, अडलं होतं ते मुलाच्या वडिलांच्या होकारापाशी. गृहस्थ तिरसट, आणि आपल्या हातच्या कॉफीचा त्यांना भारी अभिमान.

"कॉफी देतील. नको म्हणा आणि गप्प बसा," लेकीने मुलाच्या घरी जाताना बजावलं.

बुवा नको म्हणाले. गृहस्थांनी कप हातात कोंबलाच. "तुम्ही तर पारखी. घ्या आणि सांगा, कशी झालीय?"

हेच शब्द बुवा कारखान्यात रोज ऐकत. पुढचं त्यांनी केलं नाही, ते झालं. दणदणीत भुरका, दोन्ही गालांत घोळवण, मान डावीकडे, आणि सोफ्याशेजारच्या कुंडीत पिचकारी. "करपलीय," ते म्हणाले.

लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात मुलाची आई शांतपणे उठली आणि तिने आपला कप त्याच कुंडीत उपडा केला.

"लग्न झाल्यापासून मी ही गिळतेय," ती नवऱ्याला म्हणाली. "आज कुणीतरी बोललं."

गृहस्थ लाल झाले. "मग करून दाखवा. जमली, तर पुढचं बोलू."

बुवा त्यांना घेऊन स्वयंपाकघरात गेले. बिया मंद भाजा, पाणी उकळी फुटायच्या आत उतरवा, ढवळू नका. गृहस्थ कुरकुरत का होईना, सांगितलेलं करत गेले. वास बैठकीत पोचला तशी मुलाची आई आणि लेक दारात येऊन उभ्या राहिल्या.

पहिला घोट बुवांचा. कॉफी जिभेवर टेकली आणि त्यांना कळलं, अशी आयुष्यात चाखली नव्हती. घसा आपणहून उघडायला लागला. गिळली असती तर गृहस्थ खूश, होकार खिशात. त्यांनी लेकीकडे पाहिलं.

बुवा बैठकीत गेले, कुंडीवर वाकले आणि थुंकले. त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं.

"हीपण करपली?" गृहस्थांचा आवाज पडला.

"नाही काका," लेक म्हणाली. "बाबा वाईट कॉफीसाठी कधीच रडले नाहीत."

गृहस्थांनी स्वतः एक घोट घेतला आणि डोळे मिटले. मग बुवांचा हात धरून त्यांना सोफ्यावर बसवलं.

"लग्नात कॉफी मी करणार," ते म्हणाले, आणि पायाने कुंडी व्याह्यांच्या जवळ सरकवली.